संजीवनी आणि पुनरुत्थान



वसंत हा आपल्याकडे व्याख्यानांचा ऋतू, तसाच तो सणांचाही. पाडवा होतो, रामनवमी होते, हनुमानजयंती होते. आणि याच दिवसांत, कधी थोडा आधी तर कधी थोडा मागाहून, आपल्या शेजारच्या ख्रिस्ती बांधवांचा सर्वांत मोठा सण येऊन जातो. ख्रिस्त्यांचा मोठा सण म्हणजे नाताळ, अशी आपली समजूत असते. पण त्यांना स्वतःला विचारले तर जाणते लोक सांगतील की, आमच्या श्रद्धेचे मूळ जन्मात नाही; ते मरणात आणि पुनरुत्थानात आहे. नाताळची तारीख बांधलेली असते. ईस्टरची तिथी मात्र आपल्या सणांप्रमाणे चंद्राच्या हिशेबाने धरतात. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा जो रविवार, तो पुनरुत्थानाचा रविवार. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान फिरत राहतो. त्याच्या आधीचा शुक्रवार हा ख्रिस्ताच्या मरणाचा. आपण त्याला गुड फ्रायडे म्हणतो आणि कॅलेंडरातील एक सुटी एवढीच त्याची ओळख ठेवतो.

आम्ही काही धर्मशास्त्राचे पंडित नव्हे. आम्ही ख्रिस्तीही नव्हे. वारकऱ्याच्या घरात जन्मलो आणि आयुष्य कामगारांच्या चळवळीत गेले. शाळा लवकर सुटली. पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्रीच्या दिव्याखाली. मग या विषयावर आम्ही का बोलावे? तर एका खटल्यामुळे हा विषय आमच्या दारात आला, म्हणून. तो खटला आधी सांगतो.

आमच्या विभागातील एका साखर कारखान्यात एक ख्रिस्ती फिटर होता. हात कसबी, स्वभाव अबोल. त्याच्यावर पितळी बेअरिंग चोरल्याचा आळ आला. आरोपपत्र झाले, घरगुती चौकशी झाली आणि तो बडतर्फ झाला. आम्ही कामगार न्यायालयात गेलो. तारखा पडत राहिल्या. गावात लोक त्याच्या मुलांना 'चोराची पोरे' म्हणू लागली. सातव्या वर्षी तो आजारी पडून वारला. त्यानंतर दोन वर्षांनी निकाल लागला: आरोप सिद्ध नाही, बडतर्फी बेकायदा, मागील पगार वारसांस द्यावा. आम्हांस मोठा आनंद झाला. आम्ही चार-पाच जण पेढे घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याच्या पत्नीने निकालाची प्रत हाती घेतली आणि सावकाश, एकेक ओळ वाचली. मग म्हणाली, "निकाल चांगला लागला, भाऊ. पण ज्याचा निकाल, त्याला आता कोण सांगणार?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. पेढे तसेच राहिले. निघताना ती म्हणाली, "पुढच्या रविवारी आमचा पुनरुत्थानाचा सण. पहाटे कबरस्थानात या." आम्ही गेलो. तेथे काय पाहिले ते शेवटी सांगू. पण तेव्हापासून आम्ही या गोष्टीचा अर्थ लावू लागलो. पाळकांना विचारले, फादरांना विचारले, शुभवर्तमाने वाचली. त्यातून जे उमगले ते आपल्यापुढे ठेवतो.

मरणावरचे आपले ओळखीचे विजय

मेलेला माणूस पुन्हा जिवंत झाला, ही गोष्ट कोपरगावकरांना नवी नाही. गोदावरीच्या बेटात शुक्राचार्यांचे मंदिर आहे. कचदेवयानीची कथा आपण आईच्या मांडीवर ऐकली. साखर कारखान्यापासून शाळा-कॉलेजापर्यंत 'संजीवनी' हे नाव आपण मोठ्या हौसेने दिले. बृहस्पतीचा पुत्र कच शुक्राचार्यांपाशी संजीवनी विद्या शिकावयास आला. दैत्यांनी त्याला एकदा तुकडे करून श्वापदांना घातले, एकदा वाटून समुद्राच्या पाण्यात मिसळले, आणि शेवटी जाळून त्याची राख मद्यातून खुद्द गुरूलाच पाजली. तिन्ही वेळा देवयानीच्या हट्टापायी शुक्राचार्यांनी त्याला उठविले. खाडिलकरांनी १९१३ मध्ये यावरच 'विद्याहरण' नाटक लिहिले.

पण ही संजीवनी कशासाठी होती, हे आपण विसरतो. देवदानवांचे युद्ध चालू होते. दैत्य मरत आणि शुक्राचार्य त्यांना उठवून पुन्हा लढावयास पाठवीत. देवांपाशी ती विद्या नव्हती, म्हणून कच आला. म्हणजे संजीवनी ही युद्धाची सामग्री होती. तिने उठलेला माणूस जेथे पडला होता तेथेच उभा राहतो, तेच शस्त्र उचलतो आणि तेच युद्ध पुढे चालवितो. मरण तेवढे लांबणीवर पडते.

बेटापासून नदीच्या काठाकाठाने पुणतांब्यास गेले की चांगदेवांची समाधी लागते. योगबलाने चांगदेवांनी काळाला चुकविले आणि चौदाशे वर्षे काढली, अशी कथा आहे. तेथे मरणाला हुलकावणी आहे. आळंदीस ज्ञानेश्वरमहाराजांनी १२९६ मध्ये संजीवन समाधी घेतली. तेथे मरणाला शांतपणे आपण होऊन सामोरे जाणे आहे. तुकोबा सदेह वैकुंठास गेले, ही वारकऱ्यांची श्रद्धा. तेथे मरण मधून गळूनच गेले आहे.

हे सारे आमच्या रक्तात आहे. त्यामुळे ख्रिस्ताची गोष्ट ऐकली की, यांपैकी एका खणात ती ठेवून आपण मोकळे होतो. 'त्यांचाही एक महापुरुष मरून उठला' असे म्हणतो. परंतु ख्रिस्ती माणूस जे म्हणतो ते यांपैकी कशातच नीट बसत नाही. त्याचा ख्रिस्त मरण चुकवीत नाही आणि समाधीत बसत नाही. त्याला पकडतात, त्याच्यावर खटला चालतो, शिक्षा होते, आणि गुन्हेगार म्हणून तो चव्हाट्यावर मारला जातो. हा फरक नीट पाहिल्याखेरीज पुनरुत्थानाचा अर्थ हाती लागत नाही.

गुलामाचे मरण

वधस्तंभ आज सोन्याचा करून गळ्यात घालतात. त्या काळी तो काय होता? रोमन साम्राज्यात ही शिक्षा मुख्यतः गुलामांना, बंडखोरांना आणि दरोडेखोरांना होती. रोमन नागरिक सहसा तीतून सुटत असे. इ. स. पू. ७१ मध्ये स्पार्टाकसच्या नेतृत्वाखालील गुलामांचे बंड मोडल्यावर कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्याच्या कडेने सहा हजार गुलामांना वधस्तंभावर चढविले होते. हेतू नुसता जीव घेण्याचा नव्हता. नागवे करून, रस्त्याच्या कडेला, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, तासन्तास मरू द्यावयाचे, म्हणजे पुन्हा कोणी मान वर करणार नाही. प्राणाबरोबर त्या माणसाची अब्रूही जावी, अशीच ती शिक्षा होती.

नासरेथचा येशू हा सुताराच्या घरातला. यहूदा प्रांतावर पंतय पिलात हा रोमन सुभेदार होता. त्याची कारकीर्द इ. स. २६ ते ३६. त्या काळात, बहुधा ३० किंवा ३३ साली, येशूला मृत्युदंड झाला. टॅसिटस हा रोमन इतिहासकार ख्रिस्ती नव्हता, उलट ख्रिस्त्यांचा तिरस्कारच करणारा होता; तोही पिलाताने दिलेल्या या देहदंडाची नोंद करतो. तेव्हा हे मरण ही इतिहासातील गोष्ट आहे.

शुभवर्तमानांत खटल्याची हकीकत आहे. ती वाचताना आमच्यासारख्या माणसाला फार ओळखीचे भेटते. निष्कर्ष आधी ठरलेला आणि साक्षी मागाहून जुळविलेल्या, अशा चौकश्या आम्ही पाहिल्या आहेत. सुभेदाराला आरोपीत दोष दिसत नाही, पण गर्दीची आणि वरिष्ठांची भीती आहे. म्हणून तो पाणी मागवून हात धुतो. सही त्याची, आणि जबाबदारी कोणाचीच नाही! आरोपीच्या डोक्यावर तीन भाषांत आरोप लिहिलेली पाटी ठोकली जाते. पुढे कित्येक शतके या मरणाचा दोष सबंध यहुदी समाजाच्या माथी मारून त्यांचा छळ झाला, तो मोठा अन्याय होता. रोमच्या कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत १९६५ मध्ये तो आरोप स्पष्टपणे दूर सारला.

दिवस वल्हांडण सणाचे होते. मिसर देशात विटा पाडणाऱ्या इस्राएली गुलामांची सुटका झाली, तिच्या स्मरणाचा हा यहुदी सण. फारोने विटांसाठी लागणारा पेंढा देण्याचे बंद केले आणि विटांची संख्या मात्र तीच ठेवली, अशी हकीकत जुन्या करारात आहे. कामाचा बोजा वाढविण्याची ती फार जुनी नोंद म्हणावी लागेल. ख्रिस्ताचे मरण या सणाच्या दिवसांत झाले, म्हणून ख्रिस्ती लोक त्याच्याकडे दुसरी सुटका म्हणून पाहतात. पहिली सुटका फारोच्या हातून झाली. ही दुसरी पाप आणि मरण यांच्या हातून.

अनुयायी पळाले. पेत्राने तर एका रात्रीत तीन वेळा 'मी याला ओळखत नाही' असे सांगितले. पुढाऱ्याला पोलिसांनी उचलल्यावर युनियनच्या कचेरीत किती माणसे उरतात, हे आम्ही जाणतो. म्हणून पेत्राला आम्ही हसत नाही. अखेरपर्यंत जवळ राहिल्या त्या बहुतेक बाया.

तिसरा दिवस

पुढची हकीकत ही श्रद्धेच्या प्रांतातली आहे. तिला इतिहासाचा शिक्का मारता येत नाही. पण श्रद्धा नेमके काय म्हणते, ते नीट ऐकले पाहिजे.

शुक्रवारी पुरलेल्या प्रेताची सेवा करण्यासाठी रविवारी पहाटे काही स्त्रिया कबरेपाशी गेल्या, तो कबर मोकळी. मग्दालीया मरीया बाहेर रडत उभी होती. येशू तिच्यापुढे उभा राहिला, पण तिला तो माळी वाटला. त्याने तिला नावाने हाक मारली, तेव्हा तिने ओळखले. त्या काळी न्यायसभेत बाईच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती. रचलेली गोष्ट असती तर साक्षीदार कोणी वजनदार पुरुष घेतला असता, असे ख्रिस्ती विद्वान म्हणतात. ते आम्हांस पटण्याजोगे वाटते.

थोमा नावाच्या शिष्याने सांगितले की, जखमांत बोट घातल्याखेरीज मी मानणार नाही. त्याला जखमा दाखविल्या गेल्या. आम्हांस ही सबंध कथेची किल्ली वाटते. उठलेल्या ख्रिस्ताच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा तशाच आहेत. अन्याय झालाच नव्हता, असे पुनरुत्थान म्हणत नाही. जे झाले ते अंगावर वागवीत तो उठला आहे.

मग पेत्र. सरोवराच्या काठी विस्तवावर मासे भाजून उठलेला ख्रिस्त शिष्यांना न्याहारीला बोलावतो आणि पेत्राला तीनदा विचारतो की, तुझे माझ्यावर प्रेम आहे का? तीन नकारांना तीन प्रश्न. हिशेब मागितला नाही, माफीनामा लिहून घेतला नाही. काम मात्र सोपविले.

आता कचाशी ताडून पाहावे. ख्रिस्ती ग्रंथांतही संजीवनीसारखी गोष्ट आहे. बेथानीच्या लाजराला चार दिवसांनी कबरेतून बाहेर बोलावले, असे योहानाच्या शुभवर्तमानात आहे. पण लाजर कालांतराने पुन्हा मरणारच. ख्रिस्ताचे उठणे त्या जातीचे नाही. तो जुन्या आयुष्यात परत येत नाही. मरणाच्या पलीकडच्या काठावर उभा राहतो, जेथे मरणाचा अंमल चालत नाही. आणि ख्रिस्ती माणूस म्हणतो की, हा पहिला उठला. याच्यामागून आम्हांलाही त्या काठाला लागायचे आहे. पौलाने करिंथ येथील मंडळीला हीच गोष्ट लिहिली. ते पत्र घटनेनंतर सुमारे पंचवीस वर्षांच्या आतले आहे. उठलेल्या ख्रिस्ताला पाहिलेल्यांची यादी देऊन तो स्पष्ट सांगतो की, ख्रिस्त उठला नसेल तर आमचा सारा उपदेश पोकळ आहे. इतक्या उघडपणे आपला धर्म एकाच गोष्टीवर पणाला लावणारा माणूस विरळा.

मरणाने काय साधले?

एका माणसाच्या मरणाने दुसऱ्याचे तारण कसे होते? हा प्रश्न आम्ही पुष्कळांना विचारला. ख्रिस्ती परंपरेने त्याला एकच उत्तर दिलेले नाही. मुख्य उत्तरे तीन.

पहिले ऋणाचे. माणसाने देवाचे देणे थकविले आहे आणि ते फेडणे त्याच्या आवाक्याबाहेर आहे. ख्रिस्ताने ते फेडले. अकराव्या शतकाच्या अखेरीस आन्सेल्मने हा विचार शास्त्रशुद्ध मांडला. आपल्या भागात तो समजावून सांगावयास ग्रंथ नको. ऊसतोडीचा मजूर हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतो. हंगाम सरतो, हिशेब होतो आणि उचल अंगावरच राहते. पुढचा हंगामही मग त्याच मुकादमाचा. घेतलेली रक्कम खरी, देणे खरे, पण त्यातून सुटण्याचा रस्ता मजुराच्या हातात नाही. अशा वेळी कोणी येऊन तो कागदच फाडला तर? कलस्सै येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात जवळपास हेच चित्र आहे: आमच्यावरचा कर्जरोखा त्याने वधस्तंभाला ठोकून रद्द केला. वर येशूच्या आरोपाची पाटी, आणि तिच्या जोडीला आमचा रोखा!

या उपमेला मर्यादा आहे. देवाला मुकादम केले की गोष्ट बिघडते. ज्याचे देणे होते त्यानेच ते सोसले, असे ख्रिस्ती म्हणतात. तिसऱ्याच निरपराध्याला धरून वसुली केली, असे नव्हे. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे वधस्तंभावरचा माणूस आणि देव हे परके नाहीत.

दुसरे उत्तर विजयाचे. पाप, मरण आणि सैतान यांनी माणसाला गुलाम केले होते; ख्रिस्त त्यांच्या किल्ल्यात शिरला आणि आतून दार फोडले. आरंभीच्या शतकांतील मंडळ्यांना हे चित्र प्रिय होते. तिसरे प्रेमाचे. बाराव्या शतकात आबेलार्डने म्हटले की, वधस्तंभावरील प्रेम पाहून माणसाचे कठीण मन पाझरते आणि तो देवाकडे वळतो. तारण ते हेच. आपल्या संतवाङ्मयावर वाढलेल्या माणसाला हे तिसरे उत्तर सर्वांत जवळचे वाटेल.

आम्हांस ही तिन्ही उत्तरे एकाच ताटातील वाढप वाटतात. पण एक गोष्ट तिन्हींना समान आहे. मरण आणि उठणे वेगवेगळे केले तर दोन्हींचा अर्थ जातो. नुसते मरण घेतले तर एक हुतात्मा उरतो. असे हुतात्मे जगात पुष्कळ झाले. नुसते उठणे घेतले तर एक चमत्कार उरतो. तेही पुष्कळ ऐकू येतात. ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा असा की, जो उठला तो तोच होता, ज्याला सर्वांनी मिळून दोषी ठरविले होते. धर्मपीठाने ठरविले, सरकारने ठरविले, गर्दीने ठरविले, मित्रांनी अंगाबाहेर टाकले. त्या निकालावर देवाने निकाल दिला, आणि तो कागदावर लिहिला नाही. त्या माणसालाच उठवून उभे केले.

येथे आम्हांस त्या बाईचा प्रश्न समजला. आमच्या कायद्यात 'पूर्ववत कामावर घ्यावे' असा आदेश असतो. तो मिळविण्यात आमची उमर गेली, आणि त्याची किंमत आम्ही कमी लेखीत नाही. पण तो आदेश मेलेल्याच्या कानापर्यंत पोहोचत नाही. न्याय मिळाला तो वारसांना. ज्याच्यावर अन्याय झाला तो अन्यायासकट मातीत गेला. पुनरुत्थान म्हणजे जो निकाल खुद्द त्या माणसापर्यंत पोहोचतो तो निकाल.

आपल्या जिल्ह्यातील ऐकणारे

ही कथा मराठीत फार जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यास आले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या दुसऱ्या पुराणात ख्रिस्ताचे चरित्र, मरण आणि पुनरुत्थान येते. म्हणजे तुकोबांच्या बालपणी ही हकीकत मराठी ओवीत गायिली जात होती.

नगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले. 'ज्ञानोदय' हे पत्र १८४२ मध्ये नगरासच निघाले. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे कोकणातील ब्राह्मण घराण्यातले. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला आणि पुढची कितीतरी वर्षे नगरात गेली. त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. ही नावे आपण जाणतो. पण या जिल्ह्यातील मंडळ्या भरल्या त्या मुख्यतः महार आणि मांग समाजातील कुटुंबांनी, आणि त्यांतही १८७६-७७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांच्या आगेमागे. 'भाकरीसाठी ख्रिस्ती झाले' असे त्यांना हिणविले जाई. भुकेल्याने भाकरी घेतली यात लाज कसली, हे आम्हांस कधी कळले नाही. पण भाकरीबरोबर त्यांनी आणखी काय ऐकले असेल, याचा विचार करावा. वेशीबाहेर राहणाऱ्याला कोणी सांगितले की, देवाचा पुत्र वेशीबाहेर नेऊन मारला गेला. अंगावर वस्त्र राहू दिले नाही. आणि देवाने त्यालाच उठविले. राजवाड्यातल्या देवाची गोष्ट त्याला कदाचित भिडली नसती. ही भिडली.

आणि आपणा सर्वांच्या रोजच्या जगण्यात या पहाटेचे एक चिन्ह येऊन बसले आहे, ते रविवारचे. ख्रिस्ती लोकांनी आठवड्याचा पहिला दिवस पवित्र मानला तो पुनरुत्थानामुळे. सम्राट कॉन्स्टंटाईनने ३२१ मध्ये तो विश्रांतीचा दिवस ठरविला. पण मुंबईच्या गिरणी कामगाराला तो फुकट मिळाला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचाही वार आहे, ही आमच्या लोकांना सोयीची गोष्ट होती. गुलामाचे मरण मेलेल्याच्या उठण्याचा दिवस हा मजुराच्या पाठ टेकण्याचा दिवस झाला, हे आम्हांस शोभून दिसते.

एक जुना आक्षेप

आमच्या चळवळीत एक आक्षेप नेहमी निघतो, आणि तरुणपणी आम्हीही तो जोराने मांडीत असू. मेल्यावर उठण्याचे आश्वासन दिले की जिवंतपणी माणूस मान खाली घालून सोसतो. धर्म ही अफू आहे. आक्षेप खोटा नाही. वधस्तंभ दाखवून गरिबाला 'तूही सोस' असे सांगणारे उपदेशक झाले आहेत. जे वेशीबाहेरून आले त्यांच्यामागे जात मंडळीतही आली. कोठे बाकांत दिसली, कोठे सोयरिकीत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यांत आले. ख्रिस्ती दलित बाहेर राहिले. म्हणजे श्रद्धेने मान दिला, पण गावाने आणि कागदाने पुष्कळदा तो नाकारला.

परंतु याच्या उलट साक्षही आहे. अमेरिकेतील मेम्फिस शहरात १ फेब्रुवारी १९६८ रोजी कचऱ्याच्या गाडीत चिरडून दोन सफाई कामगार ठार झाले. १२ फेब्रुवारीस सुमारे तेराशे कामगारांनी संप केला. 'मी माणूस आहे' अशा अर्थाच्या पाट्या त्यांनी गळ्यात अडकविल्या. त्यांच्या पाठीशी उभे राहावयास मार्टिन ल्यूथर किंग गेले. ते बाप्टिस्ट मंडळीचे पाळक होते. ४ एप्रिलला तेथेच त्यांना गोळी घातली गेली. पुनरुत्थान मानणाऱ्या या माणसाने संपकऱ्यांना स्वर्गाची वाट पाहत बसण्यास सांगितले नाही. मरणाची भीती गेली की माणूस दोन गोष्टी करू शकतो: स्वस्थ बसू शकतो किंवा निर्भय होऊ शकतो. ख्रिस्ताचे पळालेले शिष्य परत आले ते निर्भय होऊन. श्रद्धा खरी की खोटी, हे आम्ही ठरवू शकत नाही. पण तिच्या या दोन फळांतील फरक आम्ही ओळखू शकतो.

आता ती पहाट सांगून थांबतो. अजून अंधार होता. कबरस्थानात पन्नास-साठ माणसे जमली होती. लहान मुले, म्हाताऱ्या, रात्रपाळी सुटून तसेच आलेले कामगार. प्रत्येक घराने आपापल्या कबरी झाडून, त्यांवर फुले ठेवून मेणबत्ती लावली होती. पाळकांनी शुभवर्तमानातील मग्दालीया मरीयेची हकीकत वाचली. मग पेटी सुरू झाली आणि सर्वांनी गाणे म्हटले. रडण्याचे नव्हे, सणाचे. पूर्व उजळू लागली होती. आम्ही त्या फिटरच्या कबरेपाशी गेलो. त्याची पत्नी मेणबत्तीला पदराचा आडोसा धरून बसली होती. आमच्याकडे पाहून ती म्हणाली, "कोर्टानं लिहून दिलं, ते तुम्ही मिळवलं, भाऊ. तुमचे उपकार आहेत. पण ह्यांना नावानं हाक मारून कुणीतरी सांगायचं राहिलंय, की तू चोर नव्हतास. ती हाक ज्यानं मारायची, तो मारील. म्हणून मी दरसाल येते."

ती हाक येईल की नाही, हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. पण त्या दिवसापासून एक गोष्ट आम्ही करतो. कोणत्याही कामगाराचा खटला हाती घेतला की, तारीख लांबू नये म्हणून धावाधाव करतो. निकाल त्याच्या हयातीत यावा, त्याच्या कानाने त्याने तो ऐकावा, एवढे तरी आमच्या हातात आहे. त्यापुढचे त्या बाईने ज्याच्यावर सोपविले आहे, त्याच्याकडे.